हवा लागली!

‘कॉलेजची हवा लागली’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. पण हवा लागून माणूस खरोखर आजारी पडतो, असं डॉक्टरसुद्धा दोन हजारांहून जास्त वर्षं मानत होते. त्या समजुतीला एक नाव होतं. ते नाव खोटं ठरलं, तरी त्याचा हिशेब अजून मिटलेला नाही.

पहिल्या सेमिस्टरला केस जरा वाढवले, रात्री दोनला झोपायला लागलात, जेवताना मोबाइल ताटाशेजारी आला, की आई एक ठेवणीतलं वाक्य टाकते : ‘कॉलेजची हवा लागली!’ गाव सोडून पुण्या-मुंबईत शिकायला आला असाल तर दिवाळीच्या सुट्टीत आजी म्हणते, ‘शहराची हवा लागली हो याला.’

आता हे वाक्य जरा उलगडून बघा. आईचं म्हणणं असं, की दोष तुमचा एकट्याचा नाही. त्या जागेच्या हवेतच काहीतरी आहे. ते दिसत नाही, पण तिथे चार दिवस राहिलं की अंगाला चिकटतं आणि चांगला माणूस बिघडतो. उपायही त्याच हिशेबाने निघतो. माणसाला तिथून हलवा, हवापालट करा.

आईला कल्पना नसेल, पण तिने एका वाक्यात वैद्यकातला एक जुना सिद्धांत सांगून टाकला. त्याचं नाव मियाझ्मा. फँटसी गेम खेळणाऱ्यांना हा शब्द ओळखीचा वाटेल. दलदलीवर तरंगणारा हिरवट धूर, आत पाऊल टाकलं की हेल्थ बार उतरायला लागतो, तोच तो. पण हा धूर गेम बनवणाऱ्यांच्या डोक्यातून निघालेला नाही. कुजणाऱ्या कचऱ्यातून, साचलेल्या पाण्यातून, कोंदट वस्तीतून उठणारी आणि रोग घडवणारी दूषित हवा म्हणजे मियाझ्मा, असं मोठमोठे डॉक्टर मानायचे. कॉलरा, प्लेग, मलेरिया, सगळ्यांचं खापर या एका हवेवर फुटायचं.

तुम्ही म्हणाल, जुन्या लोकांचं अज्ञान, सोडून द्या. पण इतक्या लवकर सोडू नका. या चुकीच्या कल्पनेने शहरं स्वच्छ केली. याच कल्पनेने लोकांच्या पिण्याच्या पाण्यात मैला सोडला. आणि करोनाच्या पहिल्या महिन्यांत आपण सगळे भाज्या धूत बसलो आणि खिडक्या उघडायच्या राहिल्या, त्याचा एक धागाही इथेच येऊन पोचतो.

आधी डाग, मग कलंक

शब्द मूळचा ग्रीक. ‘मियाइनो’ या क्रियापदावरून आलेला. अर्थ रंगवणं, डाग पाडणं. होमरच्या ‘इलियड’मध्ये एक बाई हस्तिदंतावर लालजांभळा रंग चढवते, तिथे हेच क्रियापद येतं. तिथे त्यात वाईट असं काही नाही. पण रंगाचा डाग झाला आणि डागाचा कलंक. ज्याच्या हातून खून झाला त्याला एक न दिसणारा डाग लागतो, तो त्याच्या घराला, गावाला लागतो, असं ग्रीक लोक मानत. त्या डागाचं नाव मियाझ्मा.

सोफोक्लिसच्या ज्या नाटकाला पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणलं, त्याची सुरुवातच अशी आहे. थीबीज नगरात साथ पसरलीये, पिकं करपतायत, माणसं मरतायत. देवाचा कौल येतो की जुन्या राजाचा खुनी याच मातीत राहतोय, तो डाग आधी बाहेर काढा. पुढे राजा त्या खुन्याला शोधायला निघतो आणि स्वतःपाशीच येऊन पोचतो.

मराठीत या शब्दाच्या सगळ्यात जवळ जाणारा शब्द कोणता? ‘विटाळ’. तोही दिसत नाही, तोही ‘लागतो’. आणि या शब्दाने आपल्याकडे माणसांचं काय केलं ते वेगळं सांगायला नको. रोगाची कल्पना आणि शुद्ध-अशुद्धाची कल्पना अशा भिंतीला भिंत लावून राहतात. बोलता बोलता आपण एकीतून दुसरीत कधी गेलो तेही कळत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या डागाचा आजारांशी शास्त्रीय संबंध जोडला तो हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांनी. त्यांचा युक्तिवाद खरं तर हुशारीचा होता. गावात म्हातारे, तरुण, गरीब, श्रीमंत सगळ्यांना एकाच वेळी एकच आजार होतोय. प्रत्येकाचं खाणं वेगळं, राहणं वेगळं. मग सगळ्यांत सामाईक काय? श्वास. म्हणजे दोष हवेचा.

गंमत म्हणजे अगदी हाच प्रश्न आपल्या चरकसंहितेतही आहे. विमानस्थानातला तिसरा अध्याय उघडा. गंगेकाठच्या कांपिल्य नगरीजवळ अग्निवेश आपल्या गुरूंना, आत्रेयांना विचारतो, की लोकांच्या प्रकृती वेगळ्या, आहार वेगळा, वयं वेगळी. तरी एकाच रोगाने अख्खा प्रदेश कसा उद्ध्वस्त होतो? उत्तर येतं, की चार गोष्टी सगळ्यांना सामाईक असतात : वायू, पाणी, भूमी आणि ऋतू. त्या बिघडल्या की साथ येते. आणि त्या बिघडण्याच्या मुळाशी काय, तर अधर्म. दोन दूरच्या संस्कृती, प्रश्न तोच आणि शेवटी बोट ठेवलं तेही माणसाच्या वागण्यावर.

रिपोर्टवरची ‘वाईट हवा’

पावसाळ्यात तुमचा रूममेट रजई गुंडाळून कुडकुडत असतो. तुम्ही त्याला लॅबमध्ये नेता, रक्त देता, संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर रिपोर्ट येतो : मलेरिया पॉझिटिव्ह. आज, इतकी वर्षं झाल्यावरही, त्या रिपोर्टवर शब्दशः ‘वाईट हवा’ असं लिहिलेलं असतं. ‘माला आरिया’ हे इटालियन शब्द. माला म्हणजे वाईट, आरिया म्हणजे हवा. (आपल्या ‘मळा’शी याचं नातं जोडायचा मोह होईल. आवरा.)

रोमच्या आसपास पसरलेलं मैदान आणि त्यापलीकडच्या दलदली उन्हाळ्यात ओस पडायच्या. सूर्य मावळल्यावर तिथे थांबलं की ताप येतो, हे शेतकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. संध्याकाळी दलदलीवर धुकं चढायचं, कुजका वास यायचा आणि काही दिवसांनी माणूस तापाने फणफणायचा. दोन आणि दोन चार झाले. इंग्रज लेखक होरेस वॉलपोल याने १७४० साली रोमहून घरी लिहिलेल्या पत्रात या भयंकर प्रकाराचा उल्लेख केला. पुढे १८२७ मध्ये जॉन मॅक्युलॉक या भूशास्त्रज्ञ डॉक्टरने त्यावर पुस्तकच लिहिलं आणि हा शब्द इंग्रजी वैद्यकात रुळला.

आता याच आजाराचं मराठी नाव बघा. हिवताप. हिव भरून येतो तो ताप. आपल्या लोकांनी कारण सांगायच्या भानगडीत न पडता जे दिसलं तेवढंच नावात ठेवलं. थंडी वाजते, मग ताप चढतो. विज्ञान कुठल्या कुठे गेलं तरी हे नाव खोटं पडलं नाही. इटालियन नावाने मात्र निदान करायची घाई केली आणि ते निदान चुकलं.

अशी आणखी नावं आहेत. ‘इन्फ्लुएन्झा’ म्हणजे प्रभाव, मुळात ग्रहताऱ्यांचा. म्हणजे तुमचा फ्लूसुद्धा नावापुरता ज्योतिषाच्या खात्यात जमा आहे. उलट आपली ‘मोडशी’ घ्या. माणूस मोडून पडतो म्हणून मोडशी. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली छापलेल्या पुस्तकात कॉलऱ्यासारख्या आजारासाठी हेच स्थानिक नाव नोंदवलं. ते युरोपात जाता जाता फ्रेंचांच्या तोंडी ‘मोर द शियँ’ झालं, म्हणजे कुत्र्याचं मरण! आपला साधा शब्द तिकडे जाऊन केवढा भीतिदायक झाला.

नाकाने दिलेला निकाल

आता लंडनला चला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे जगातलं सगळ्यात मोठं शहर होतं आणि बहुधा सगळ्यात दुर्गंधीचंही. घरांखाली शोषखड्डे, ते भरून वाहणारे, त्यात घोड्यांची लीद, कत्तलखाने, चामड्याचे कारखाने. एडविन चॅडविक हा तिथला सार्वजनिक आरोग्याचा सर्वात वजनदार माणूस. १८४२ मध्ये त्याने गरिबांच्या वस्त्यांवर अहवाल लिहिला आणि सरकारला हलवलं. त्याचा मियाझ्मावर पूर्ण विश्वास. १८४६ मध्ये त्याने संसदेच्या समितीपुढे जे सांगितलं त्याचा सारांश असा, की वास हाच रोग.

वास हाच रोग असेल तर उपाय सोपा. वास घरांपासून दूर न्या. त्याच्या आग्रहाने शोषखड्डे बंद होऊ लागले, गटारं धुतली जाऊ लागली आणि सगळा मैला थेम्स नदीत गेला. हेतू शंभर टक्के चांगला. अडचण एवढीच, की लंडनचे अनेक लोक थेम्सचंच पाणी पीत होते. १८४८-४९च्या साथीत कॉलऱ्याने एकट्या लंडनमध्ये सुमारे १४ हजार माणसं गेली.

याच काळात जॉन स्नो नावाचा एक डॉक्टर वेगळाच विचार करत होता. हा भूलतज्ज्ञ. राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिला तोच. वायू माणसाच्या शरीरात कसे जातात आणि काय करतात, हे त्याचं रोजचं काम. म्हणूनच त्याला शंका आली. कॉलरा हवेतून येत असेल तर आधी छाती बिघडायला हवी. हा तर सुरुवातीलाच पोट बिघडवतो. म्हणजे तो गिळला जात असणार.

१८५४च्या ऑगस्टअखेरीस सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास कॉलरा फुटला. दहा दिवसांत पाचशेहून जास्त बळी. स्नो घरोघर फिरला. मेलेले लोक कोणतं पाणी पीत होते, हा एकच प्रश्न. बहुतेक बोटं ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाकडे वळली. पण त्याला खरा पुरावा मिळाला तो अपवादांमध्ये. पंपाशेजारच्या बिअरच्या कारखान्यातले सत्तरहून जास्त कामगार ठणठणीत होते, कारण ते बिअर प्यायचे आणि पाणी लागलंच तर कारखान्याच्या स्वतःच्या विहिरीचं. उलट तिथून कितीतरी लांब, मोकळ्या हवेच्या हॅम्पस्टेडमध्ये एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडायची म्हणून ती रोज बाटली भरून मागवायची. कामगारांनी ‘वाईट’ हवा घेतली आणि वाचले. बाईने ‘चांगली’ हवा घेतली आणि मेली.

८ सप्टेंबर १८५४ रोजी पंपाचा दांडा काढून टाकला गेला. (तोपर्यंत साथ ओसरायला लागली होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.) नंतर हेन्री व्हाइटहेड या स्थानिक धर्मगुरूने तपास पुढे नेला. खरं तर तो स्नोला खोटं ठरवायला निघाला होता. त्याला ४० नंबरच्या घरातलं एक आजारी बाळ सापडलं. त्याचे लंगोट धुतलेलं पाणी ज्या खड्ड्यात ओतलं जायचं तो खड्डा पंपाच्या विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर होता. व्हाइटहेडने आपलं मत बदललं. सरकारी समितीने बदललं नाही. १८५५च्या अहवालात तिने स्नोचं म्हणणं फेटाळलं.

मग आला १८५८चा जून. थेम्स इतकी सडली, की संसदेच्या खिडक्यांना चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवलेले पडदे लावावे लागले. खासदारांच्या नाकापर्यंत गोष्ट गेल्यावर काही आठवड्यांत कायदा झाला आणि जोसेफ बॅझलगेट या इंजिनीअरने ८२ मैलांची मुख्य गटारं बांधली. घाण शहराच्या खाली, लांब नेऊन सोडली. उद्देश दुर्गंधी हटवण्याचा होता. झालं असं, की पिण्याचं पाणी वाचलं. १८६६ मध्ये कॉलरा पुन्हा आला तेव्हा तो मुख्यतः पूर्व लंडनमध्ये भडकला, जिथे ही गटारं अजून पूर्ण व्हायची होती. स्नोला यातलं काही बघायला मिळालं नाही. त्याच १८५८च्या जूनमध्ये, वयाच्या ४५व्या वर्षी तो वारला.

म्हणजे निकाल काय? चुकीच्या कारणासाठी एकदा मोठी चूक झाली आणि चुकीच्याच कारणासाठी एकदा मोठं चांगलं काम झालं. चुकीचा सिद्धांत नेहमी तोट्यात जातो असं नाही. पण तो तुम्हाला कधी वाचवेल आणि कधी मारेल, हे तुमच्या हातात राहत नाही.

मुंबईत वाऱ्यासाठी रस्ता

हीच कल्पना बोटीत बसून आपल्याकडेही आली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला. प्लेगचा जंतू दोन वर्षांपूर्वीच हाँगकाँगमध्ये सापडला होता. तरी पालिकेचा पहिला भर कशावर होता? गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक अॅसिडने धुण्यावर. घरं रिकामी केली, छपरं उघडी केली, सामान जाळलं. उंदीर मात्र शेजारच्या घरात गेले आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवाही.

१८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीच्या वस्त्यांत समुद्राचा वारा शिरला पाहिजे, हा त्याचा एक मोठा उद्देश. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामलदास गांधी मार्ग, आणि सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हे रस्ते पश्चिमेचा वारा आत यावा म्हणून वस्ती फोडून काढले गेले. मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीटवरून चालताना पाठीवर वारा आला, तर तो मियाझ्मा सिद्धांताने तुमच्यासाठी सोडलेला वारा आहे असं समजा. पण ज्यांची घरं त्यासाठी पडली ते कुठे गेले? अनेक जण शेजारच्या, आधीच भरलेल्या चाळींत. एका गल्लीतली दाटी हटली, दुसरीतली वाढली.

आणि इथे तो ‘डाग’ परत येतो. हवा दूषित, हवा वस्तीतून निघते, वस्ती गरिबांची. म्हणजे गरीब हाच संशयित. पुण्यात सैनिक घराघरात शिरून झडत्या घ्यायचे, माणसांना ओढून छावणीत न्यायचे. त्या रागाचा स्फोट २२ जून १८९७ रोजी रँडच्या खुनात झाला, हे आपण शाळेत शिकलोय. त्याआधी, १० मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या होत्या. साथ तीच. एका बाजूला आजाऱ्याला संशयित समजणारी यंत्रणा आणि दुसऱ्या बाजूला त्याला आपला माणूस समजणारी एक बाई.

१८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं, की गाठीचा प्लेग उंदरावरून माणसावर आणते ती पिसू. लोकांना ते पटायला आणखी काही वर्षं लागली. मुंबईतल्या परळच्या प्रयोगशाळेत १९०५ नंतर झालेल्या प्रयोगांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं.

एक झोपडी, दोन डॉक्टर, एक विद्यार्थी

मलेरियाचं कोडं सुटण्याची गोष्ट तर एखाद्या वेब सीरिजला शोभेल अशी. १८८० मध्ये अल्जीरियात अल्फोन्स लाव्हराँ याला रुग्णाच्या रक्तात परजीवी दिसला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला तो डासाच्या पोटात दिसला. त्यासाठी हुसेन खान नावाच्या रुग्णाने डासांकडून स्वतःला चावून घेतलं होतं. मोबदला, दर डासामागे एक आणा. पुढच्या वर्षी रॉसने कलकत्त्यात पक्ष्यांमधला मलेरिया डास पसरवतो हे सिद्ध केलं आणि इटलीत जोव्हानी बात्तिस्ता ग्रासी आणि सहकाऱ्यांनी माणसांमध्ये अॅनॉफेलिस डास.

तरी लोकांचं ‘पण दलदलीची हवा’ सुटेना. मग लंडनच्या पॅट्रिक मॅन्सन यांनी १९०० साली सरळ परीक्षाच घ्यायची ठरवली. रोमजवळ ओस्तियाच्या बदनाम दलदलीत एक लाकडी झोपडी उभारली, दारं-खिडक्यांना तारेची जाळी लावली. सँबन आणि लो हे दोन डॉक्टर काही साथीदारांसह ऐन मलेरियाच्या दिवसांत तिथे जाऊन राहिले. नियम एवढाच, की सूर्य मावळायच्या आत जाळीच्या आत यायचं आणि सकाळी उजाडल्यावर बाहेर पडायचं. रात्री खिडक्या सताड उघड्या. ती ‘वाईट हवा’ त्यांनी रोज रात्रभर छातीत भरून घेतली. क्विनीनची एकही गोळी घेतली नाही. आसपासचे लोक तापाने पडत होते. झोपडीतल्या कुणालाही मलेरिया झाला नाही.

हा झाला अर्धा प्रयोग. उरलेला अर्धा लंडनमध्ये. रोममधल्या मलेरियाच्या रुग्णाला चावलेले डास पेटीत घालून लंडनला पाठवले गेले. तिथे एका तरुणाने त्यांच्यासमोर हात धरला. तो मेडिकलचा विद्यार्थी होता, तुमच्याहून थोडाच मोठा, आणि मॅन्सन यांचा स्वतःचा मुलगा. लंडनच्या हवेत राहून त्याला मलेरिया झाला. (क्विनीनने तो बरा झाला.) वाईट हवा घेतलेले ठणठणीत, चांगल्या हवेतला आजारी. स्नोला १८५४ मध्ये नशिबाने सापडलेले अपवाद मॅन्सन यांनी मुद्दाम घडवून आणले. कारण सिद्ध करायचं तर असं वेगळं काढून दाखवावं लागतं.

मग झोका दुसऱ्या टोकाला गेला

गोष्ट इथे संपली असती तर ‘विज्ञान जिंकलं, अंधश्रद्धा हरली’ म्हणून टाळ्या वाजवता आल्या असत्या. पण जिंकलेल्यांनाही खोड लागली. १९१० मध्ये अमेरिकेतले आरोग्य अधिकारी चार्ल्स चॅपिन यांनी एक वजनदार पुस्तक लिहिलं. रोग स्पर्शाने, जवळून उडणाऱ्या थुंकीच्या थेंबांनी पसरतात. हवेतून पसरण्याचं भय लोकांच्या डोक्यातून काढून टाकलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्यांची तळमळ समजण्यासारखी आहे. लोक हवेला घाबरत बसले तर हात कधी धुणार? पण यातून एक अलिखित नियम तयार झाला, की ‘हवेतून पसरतो’ असं कुणी म्हटलं की तज्ज्ञांच्या भुवया उंचावायच्या. पुन्हा मियाझ्मा आणताय का?

क्षयाच्या बाबतीत हा नियम मोडायला गिनीपिग लागले. १९५०च्या दशकाच्या अखेरीस बाल्टिमोरमध्ये रिचर्ड रायली यांनी क्षयरुग्णांच्या वॉर्डातली हवा नळीने वरच्या खोलीतल्या गिनीपिगांपर्यंत नेली. ना स्पर्श, ना थेंब. तरी गिनीपिगांना क्षय झाला.

आणि मग २०२०. २८ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने ट्विट करून ठामपणे सांगितलं, की कोविड हवेतून पसरत नाही. आपण सगळ्यांनी काय केलं ते आठवा. दुधाच्या पिशव्या धुतल्या, कुरियरची खोकी उन्हात ठेवली, लिफ्टची बटणं टूथपिकने दाबली. आणि दारं-खिडक्या लावून एकाच खोलीत बसलो. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून सांगितलं, की हवेकडे लक्ष द्या. संघटनेची भाषा २०२१ मध्ये हळूहळू बदलली. या उशिरामागे अनेक कारणं होती. त्यांतलं एक हे जुनं भांडण होतं, असं या विषयाचा इतिहास खणणाऱ्या शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. मेलेल्या सिद्धांताची भीती इतकी, की समोरची हवा दिसेना.

मग हवा वाईट असते की नसते?

असते. पण नाकाला कळते तशी नाही. मियाझ्मावाल्यांची चूक हवेला दोष देण्यात नव्हती. वास हाच पुरावा मानण्यात होती. गटाराचा वास नकोसा असतो, पण गटाराजवळून गेल्याने कॉलरा होत नाही. आणि बंद एसी क्लासरूम रूम फ्रेशनरने कितीही घमघमली तरी साठ जणांनी तासभर सोडलेला श्वास तिथेच फिरत असतो. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि क्षय असाच, बिनवासाचा पसरतो.

पीएम २.५ या धूलिकणांनाही स्वतःचा असा वास नसतो. केसाच्या जाडीचा विसावा-तिसावा भाग होईल इतके ते बारीक. फुप्फुसांच्या तळापर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वर्षाची सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर नको. आपला राष्ट्रीय निकष आहे ४०. म्हणजे सरकारी तक्त्यात ‘ठीक’ असलेली हवाही तिकडच्या निकषाच्या आठपट असू शकते.

लंडनची गोष्ट लंडनलाच संपवू. ज्या शहराने १८५४ मध्ये हवेला उगाच दोषी धरलं, त्याच शहरात २०१३ मध्ये वर्दळीच्या रस्त्यालगत राहणारी नऊ वर्षांची एक मुलगी दम्याने गेली. तिच्या आईने वर्षानुवर्षं लढा दिला, शास्त्रज्ञांनी त्या भागातल्या प्रदूषणाच्या नोंदी तपासल्या. डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण लिहायला सांगितलं. ब्रिटनमध्ये हे पहिल्यांदाच घडलं. यावेळी हवा दोषी ठरली ती वासावरून नाही. मोजमापावरून ठरली.

म्हणून या पावसाळ्यात हॉस्टेलच्या कुंड्यांखालच्या ताटल्या आणि कूलरमधलं पाणी ओता. डास तिथेच होतात, वास येवो न येवो. वर्गात पहिले पोचलात तर खिडकी उघडा. बाहेर पळायला जायच्या आधी ‘आज हवा मस्त आहे’ म्हणण्याऐवजी एकदा एक्यूआय बघा. आणि कुठल्याही आजारासाठी कुणी एखादी वस्ती, एखादी जात, एखादा समाज दाखवून ‘यांच्यामुळे’ म्हणालं, तर स्नोने विचारला तो प्रश्न विचारा : कशावरून?

हा प्रश्न घरीही चालतो. पुढच्या वेळी आई म्हणाली, ‘कॉलेजची हवा लागली’, तर तिलाही विचारून बघा, ‘कशावरून?’

पण तयारीने विचारा. तिच्याकडे पुरावे असतात, तारीखवार.